बाप्तिस्मा झाला, पण जात गेली का?

खरा ख्रिस्ती कोणाला म्हणायचे? दर रविवारी चर्चला जाणाऱ्याला, की बायबल तोंडपाठ असणाऱ्याला? आम्ही बौद्ध आहोत, तरीही हा प्रश्न आमचाही आहे. कारण धर्मांतर आम्हीही केले आहे.

आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावात १८६१ साली ब्राह्मण घरात जन्मलेले ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यासाठी त्यांनी जातीतला मान सोडला. पुढे १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. श्रद्धा म्हणजे मिशनच्या वहीतली नोंद नव्हे, हे त्यांनी जगून दाखवले.

याच जिल्ह्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. अस्पृश्य ख्रिस्ती झाला तरी चर्चमध्येही जात त्याची पाठ सोडत नाही, हे बाबासाहेबांनी परखडपणे मांडले. येशूला प्रभू म्हणायचे आणि शेजारी बसलेल्याची जात काढायची, ही श्रद्धा नव्हे, ढोंग आहे.

मग १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचे काय? लग्न जुळवताना पोटजात विचारणारा बौद्ध त्या ख्रिस्त्यापेक्षा वेगळा कसा? धर्मांतराची परीक्षा दाखल्यावर होत नाही, सोयरिकीत होते. बांधवांनो, ती आधी आपल्या घरात देऊ या.

जय भीम!