बायोस अपडेट केलंस का?

अ‍ॅडमिशन संपून फर्स्ट इयरची मंडळी होस्टेलवर जरा रुळली, की दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. "दादा, लॅपटॉप कुठल्या कंपनीचा घेऊ?" आणि आमचे तमाम दादा लोक एका सेकंदात उत्तर देऊन मोकळे होतात. उत्तर मात्र मजल्यागणिक वेगळं! तळमजल्यावर जी कंपनी देवासमान, तीच दुसऱ्या मजल्यावर "भंगार आहे रे, पैसे फुकट जातील". मॉडेल कुठलं, वापर कशासाठी, कुणी विचारत नाही. घराण्याचं कुलदैवत सांगावं तसं कंपनीचं नाव सांगायचं आणि मेसकडे चालू लागायचं. त्या बिचाऱ्याच्या वडिलांचे साठ-सत्तर हजार मात्र त्या एका नावावर लागतात.

घेताना एक वेळ हे चालून जातं. खरी किंमत मोजावी लागते ती लॅपटॉप बिघडल्यावर. कारण तेव्हा सर्व्हिस सेंटरवाला विचारतो, "बायोस अपडेट केलंस का?" आणि कंपनीवर श्रद्धा असलेला आपला मित्र मान डोलावून परत येतो.

आता बायोस, म्हणजे एकूणच फर्मवेअर, करतं तरी काय? मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये बसलेला हा प्रोग्रॅम. पंखा कधी फिरवायचा, बॅटरी किती भरायची, प्रोसेसरला किती व्होल्टेज द्यायचं, असली कामं त्याच्याकडे. यात चूक असेल तर अपडेटने ती नक्की सुटते. पण तुटलेली वस्तू प्रोग्रॅमने जोडता येते का? इंजिनिअरिंगच्या पोराला हे सांगायची गरज पडू नये. पण पडते.

२००८ सालची गोष्ट घ्या. एनव्हिडियाच्या काही ग्राफिक्स चिप लॅपटॉपमध्ये नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बंद पडायला लागल्या. जुलैमध्ये कंपनीनेच जाहीर केलं की पॅकेजिंगचं मटेरियल कमकुवत आहे, आणि वॉरंटीच्या खर्चासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. चिप आणि तिच्या खालचा सबस्ट्रेट यांना जोडणारे सोल्डरचे अगदी बारीक ठिपके असतात. लॅपटॉप तापला की चिपही प्रसरण पावते आणि सबस्ट्रेटही, पण दोघांचं प्रमाण सारखं नाही. थंड झालं की पुन्हा आकुंचन. दिवसातून चार वेळा हा खेळ, वर्षभर. शेवटी ठिपक्याला तडा जातो आणि स्क्रीनवर रंगीत रेघा! मेकॅनिकलवाल्यांनो, हे तुमचं फटीगच आहे. ओरलला आठवत नाही ते वेगळं.

तर यावर डेल आणि एचपीने बायोस अपडेट काढलं. त्या अपडेटने काय झालं? पंखा जास्त वेळ फिरायला लागला. बस्स! तापमानाचे चढउतार थोडे कमी झाले, म्हणजे तडा जायला उशीर होणार. सोल्डर होतं तेच राहिलं. आता उशीर म्हणजे किती उशीर? वॉरंटी संपायच्या आत की नंतर? माझ्या मते या सगळ्या विषयात विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे. "इट्स बेटर दॅन नथिंग" म्हणणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण उशिराने येणारा बिघाड कंपनीच्या खिशातून माझ्या खिशात येत असेल तर त्याला दुरुस्ती कसं म्हणायचं? पुढे डेलने या बिघाडापुरती वॉरंटी एक वर्षाने वाढवली आणि अ‍ॅपलनेही त्यात सापडलेल्या मॅकबुक प्रोची दुरुस्ती फुकट देऊ केली. लोक ओरडत राहिले म्हणून तरी काही पदरात पडलं.

आणि हो, इथे लक्षात घ्या. डेल, एचपी, अ‍ॅपल. तीन कंपन्यांचे तीन भक्तगण एकमेकांना हसत होते, आणि तिघांच्याही मांडीवर तीच चिप तापत होती! २००६ मध्ये बॅटरीचंही हेच झालं होतं. सोनीने बनवलेल्या सेलमुळे डेलला ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या, अ‍ॅपलला १८ लाख. लॅपटॉप प्रत्यक्षात बनवतात क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन अशा तैवानी कंपन्या, एकेक जण अनेक ब्रँडसाठी. थिंकपॅड आयबीएमचा होता, २००५ पासून लेनोवोचा झाला, नाव तेच. तेव्हा भक्ती नक्की कुणाची करायची?

फर्मवेअरने प्रश्न सुटतच नाहीत असं मात्र मी म्हणत नाही. याचं उत्तम उदाहरण म्हणजे २०१८ चा मॅकबुक प्रो. जुलैमध्ये तो कोअर आय-नाइन प्रोसेसरसकट बाजारात आला, आणि जड काम दिलं की त्याचा वेग प्रमाणाबाहेर खाली यायचा. यूट्यूबवर बोंबाबोंब झाली. दोन आठवड्यांच्या आत अ‍ॅपलने सांगितलं की तापमान सांभाळणाऱ्या फर्मवेअरमध्ये एक डिजिटल की राहून गेली होती. अपडेट आलं आणि तक्रार बऱ्याच अंशी मिटली. चूक कोडमध्ये होती, कोडने सुटली. पण त्याच लॅपटॉपचा कीबोर्ड बघा! २०१५ पासून अ‍ॅपलने बारीक जाडीसाठी आणलेला 'बटरफ्लाय' कीबोर्ड. आत धुळीचा कण गेला की बटण अडकणार नाहीतर एकाच दाबात दोन अक्षरं उमटणार. त्यावर कुठलं अपडेट चालणार? कीबोर्ड फुकट बदलून देण्याची योजना आली, आत पातळ पडदा बसवून बघितला, आणि शेवटी २०१९ च्या नोव्हेंबरपासून जुन्या पद्धतीचा कीबोर्ड परत आणला. अमेरिकेत या प्रकरणी २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरची तडजोड झाली. एकच मशीन, एकच कंपनी. एक दोष दोन आठवड्यांत गेला, दुसऱ्याला वर्षं लागली. मग ती कंपनी चांगली की वाईट? प्रश्नच फसवा आहे.

तिसरा एक प्रकार असतो, तो जास्त अवघड. २०२४ मध्ये इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर गेम खेळताना क्रॅश व्हायला लागले. मायक्रोकोडच्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्त मायक्रोकोड आला तो बायोस अपडेटमधून. पण ज्या चिपचं नुकसान होऊन गेलं, ती त्याने बरी होणार नाही, हे इंटेलनेच सांगितलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणजे इथे अपडेट ही लस आहे, औषध नाही. ज्याने वेळेत घेतली तो वाचला.

आता होस्टेलवर येऊ. माझ्या रूममेटच्या लॅपटॉपचा टचपॅड क्लिक होईना. कंपनीचं नाव घेत नाही, कारण खालच्या मजल्याशी माझे संबंध चांगले आहेत. सर्व्हिस सेंटरने ड्रायव्हर टाकला, बायोस अपडेट केलं, परत पाठवलं. महिन्याने तेच. पुन्हा अपडेट. तिसऱ्या वेळी जाईपर्यंत वॉरंटी संपली होती आणि तेव्हा कुठे कुणीतरी मागचं झाकण उघडलं. बॅटरी फुगून टचपॅडला खालून ढकलत होती! हा प्राणी तोवर ते मशीन उशाशी घेऊन झोपत होता. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, हा गमतीचा विषय नाही. आणि एवढं होऊनही त्याचं म्हणणं काय, "कंपनी चांगलीच आहे रे, माझाच पीस खराब निघाला." याला काय म्हणावं?

ब्रँडनिष्ठा अगदीच बिनकामाची नाही, हेही कबूल. चार रूममध्ये एकच कंपनी असेल तर चार्जर मागता येतो. गावात ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे तिचा लॅपटॉप घेणं यात शहाणपण आहेच. पण ती निष्ठा त्या सर्व्हिस सेंटरवर ठेवा आणि तीही तपासून. दुरुस्तीला देताना आपली तक्रार आपल्या शब्दांत जॉबशीटवर लिहून घ्या. "बायोस अपडेट केलं" एवढ्यावर सही करू नका. अपडेटने नक्की काय बदललं, पंखा, चार्जिंग की व्होल्टेज, ते विचारा. कंपनीच्या साईटवर रिलीज नोट्स असतात, त्या वाचा. तेच लक्षण पुन्हा आलं तर जुनी जॉबशीट हाच तुमचा पुरावा. नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाईन आहे, फोन करायला लाज कसली?

आणखी एक सूचना, ही सर लोकांसाठीही. आपल्या लॅबच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये मशीन कधी घेतलं ते लिहिलेलं असतं. काय बिघडलं, किती महिन्यांनी, कशाने सुटलं, एवढे तीन रकाने त्याला जोडले तर पुढच्या टेंडरला कामी येतील. तशीच एक वही होस्टेलवर हवी. मॉडेल नंबर, बिघाड, महिना, सर्व्हिस सेंटरने काय केलं. कंपनीची स्तुती किंवा शिव्या लिहायला मनाई. पुढच्या ऑगस्टमध्ये ज्युनिअर आला की त्याच्या हातात ती वही द्यायची. रेक्टर सरांनी परवानगी दिली तर रीडिंग रूममध्ये पेपर स्टँडशेजारी ठेवता येईल. पेन मात्र दोरीला बांधावं लागेल.