व्हेगस फक्त पोटाची नस नाही

चौथे पोट सरकलेली संकरित गाय सिन्नर-निफाडच्या पट्ट्यात आता नवलाची राहिलेली नाही. डाव्या कुशीवर टिचकी मारून ‘पिंग’ ऐकला की आपण उपचाराकडे वळतो. स्टेथोस्कोप कानात असतोच. पण तो कोपरामागे, हृदयावर, पूर्ण मिनिटभर किती जण ठेवतात? पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर वेग कळतो, ताल निसटतो.

आणि या गायींत ताल बिघडलेला असू शकतो. हृदय मुळात धडधाकट, तरी ॲट्रियल फिब्रिलेशन! मूळ पोटात असते. ताणलेले पोट व्हेगस चेतवते, त्यातच रक्तातले पोटॅशियम, कॅल्शियम घसरलेले असते.

वेबर बंधूंनी १८४५ मध्ये व्हेगस चेतवून हृदय थांबवून दाखवले. ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर त्यामागचे रासायनिक द्रव्य सिद्ध केले, तेच ॲसिटिलकोलीन. तेव्हापासून व्हेगस म्हणजे हृदयाचा लगाम, हे आपण घोकत आलो. सायनस आणि एव्ही नोडपुरते ते खरेच आहे. अलिंदाच्या स्नायूत मात्र हेच द्रव्य पेशींचा विसाव्याचा काळ आखूड करते, तोही जागोजागी कमीजास्त, कारण व्हेगसचे तंतू तिथे सारखे पसरलेले नसतात. अशा वेळी एखादा जादा ठोका पडला की विद्युतलहर गोल गोल फिरत राहते. गाय-घोड्यांचे अलिंद ऐसपैस, त्यामुळे ती सहज विझत नाही. मांजराच्या एवढ्याशा हृदयात तिला तेवढी जागाच मिळत नाही.

म्हणून अशा गायीला घाईने हृदयाचे औषध देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पोट जागेवर आणा, क्षार भरून काढा. पुष्कळदा काही दिवसांत ताल आपोआप जुळतो. उलट बाजूही सांगायला हवी. ठोके मंद आहेत आणि ॲट्रोपिनने वाढले, एवढ्यावर ‘व्हेगल इनडायजेशन’ लिहून मोकळे होऊ नका. चारा तुटलेल्या गायीचे हृदयही व्हेगसमुळेच मंदावते.

झायलाझिनबद्दल मला जास्त काळजी वाटते. घोड्याच्या मात्रेचा साधारण दहावा हिस्सा गायीला पुरतो, आणि बाटल्या दोन टक्क्यांच्याही असतात, दहा टक्क्यांच्याही. रक्तदाब आधी चढतो, त्याला उत्तर म्हणून व्हेगस जोर धरते, हृदय मंदावते, एव्ही ब्लॉक होतो. उसातला बिबट्या बेशुद्ध करणाऱ्या सहकाऱ्यांनाही हे नवे नाही. त्यावर ‘असू द्या सोबत’ म्हणून ॲट्रोपिन टोचण्याची सवय मात्र सोडायला हवी. चढलेल्या दाबावर हृदय पळायला लागते आणि गायीचे कोटीपोट थंडावून पोटफुगी होते.

डोळा काढतानाही हात आवरता ठेवा. बुबुळ ओढले की ट्रायजेमिनलमार्गे संदेश व्हेगसला जातो. ठोके पडेनासे झाले तर ओढ लगेच सैल करा, थांबा.

दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरेल. उभ्या घोड्याचा तिसरा-चौथा ठोका ठराविक अंतराने गळत असेल तर त्याला नापास करू नका. चार फेऱ्या दुडकी चालवा, लगेच पुन्हा ऐका. ताल सुरळीत झाला तर तो निवांत घोड्याच्या व्हेगसचा खेळ होता. पळूनही ठोके वेडेवाकडेच पडत असतील, तर गिऱ्हाईक कितीही घाई करो, ईसीजी काढल्याशिवाय दाखल्यावर सही करू नका.