दान मोटारीचे, हिशेब बॅटरीचा

विजेवरची जुनी मोटार एखाद्या सेवाभावी संस्थेला देणे चांगलेच. पण देण्यापूर्वी तिची बॅटरी तपासलीच पाहिजे, असे माझे मत आहे.

समजा, अशी मोटार आपल्या तिवशातील एका संस्थेला मिळाली. नवी असताना तिच्या बॅटरीत 30 युनिट वीज मावे आणि ती 200 किलोमीटर धावे. लिथियमची बॅटरी वापराने झिजते, उष्णतेने अधिकच; आणि वऱ्हाडातला मे महिना तुम्ही जाणताच! क्षमता 70 टक्के उरली, तर वीज 21 युनिट आणि पल्ला 140 किलोमीटर. रुग्णाला अमरावतीला नेऊन परतता येईल. नागपूरला नेले, तर वाटेत चार्जिंग करावेच लागेल. हे संस्थेला आधीच सांगायला नको का? नवी बॅटरी फार महाग असते. न सांगता दिलेले दान म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात घातलेला खर्चच.

मोटारीला अपुरी पडणारी बॅटरी तज्ज्ञांच्या मदतीने सौर वीज साठवायला वापरता येते. ती पुरती निकामी झाली, तर 2022 च्या नियमांनुसार तिच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणून मोटारीच्या किल्लीबरोबर चार्जर आणि बॅटरीचा तपासणी अहवालही द्यावा. तेच खरे दान!