सात-बाऱ्यावरील क्यूआर कोड

मुरबाड तालुक्यांतील धसई हें गांव १ डिसेंबर २०१६ रोजीं राज्यांतील पहिलें रोकडविरहित गांव म्हणून जाहीर झालें, तेव्हां तेथील दुकानांत कार्डानें पैसे घेण्याचीं यंत्रें मांडलीं होतीं. आज तें काम एक छापील चौकोन करितो व शहापूर-मुरबाडच्या बाजारांत तो सर्वांच्या परिचयाचा आहे. तोच चौकोन आतां आपल्या सात-बाऱ्यावर आला असल्यानें त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

हा क्यूआर कोड जपानांतील डेन्सो कंपनींत मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठीं तयार केला. तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन हे शेताच्या हद्दीच्या दगडांसारखे होत. त्यांवरून फोनचा कॅमेरा दिशा व माप ठरवितो. मधल्या काळ्या-पांढऱ्या घरांत अक्षरें व अंक सांठविलेले असतात. पडताळ्यासाठीं जादा घरेंही भरलेलीं असल्यामुळें थोडा भाग पुसला तरी मजकूर वाचतां येतो. परंतु असा चौकोन कोणासही छापतां येतो, हें विसरूं नये.

महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळणाऱ्या उताऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी, १६ अंकी पडताळणी क्रमांक व हा कोड असतो. डिसेंबर २०२५ मध्यें सरकारनें अशा उताऱ्यास कायदेशीर मान्यता दिली. तलाठ्याच्या सही-शिक्क्यासाठीं खेटे घालणें टळलें, हें उत्तम झालें. मात्र जमीन घेणाऱ्यानें समोरच्या कागदावर चौकोन आहे एवढ्यावर समाधान मानूं नये. कोड वाचतां भलताच पत्ता उघडल्यास तेथेंच थांबावें. स्वतः संकेतस्थळावर १६ अंकी क्रमांक घालून गट नंबर, क्षेत्र, खातेदार व इतर हक्क हे रकाने ओळीनें ताडून पाहावे.

शिवाय, पडताळणीनें कागद खरा ठरतो, नोंद नव्हे. जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणें विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरीच धरली जाते. म्हणून वारसाचें नांव लागावयाचें राहिलें असल्यास फेरफारासाठीं, लेखनदोष असल्यास कलम १५५ खालीं दुरुस्तीसाठीं, विनाविलंब अर्ज करावा.

पीककर्जाच्या दिवसांत सोसायट्यांनीं ही पडताळणी आपल्या कचेरींत सभासदांसमोर करावी, अशी आमची सूचना आहे. ज्या पाड्यांत फोनला रेंज नाहीं, तेथील कुळंब्यास एरव्हीं हा चौकोन म्हणजे कागदावरची नुसती नक्षी होय.