माळाला झाडे नकोत, कुलूपही नको

माळरान वाचवायचे म्हटले की दोन तऱ्हेचे हितचिंतक पुढे येतात. एक रोपे घेऊन, दुसरा तारेचे कुंपण घेऊन. हेतू दोघांचाही चांगला. पण गवतात अंडी घालणाऱ्या पाखरांचे त्याने भले होत नाही.

पहिला पक्ष म्हणतो, माळ म्हणजे पडीक जमीन. समतल चर खणा, झाडे लावा, पाखरे येतील. येतील, पण कोणती? बुलबुल आणि कावळे. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, तरी तिथल्या माळावर गिरिपुष्पाची लागवड झालीच. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि जवळपास महिनाभर एकटीच उबवते. चहूकडे लांबवर दिसणे हाच तिचा बचाव. झाडोरा तिची नजर अडवतो आणि कावळ्याला टेहळणीची फांदी देतो.

दुसरा पक्ष म्हणतो, गुरे आणि विळा बाहेर ठेवा, माळ आपोआप सावरेल. हे निम्मेच खरे. पावसाळ्यात कुरण राखलेच पाहिजे, कारण तणमोराची मादी तेव्हाच गवताच्या आडोशाला अंडी घालते. पण कुलूप बारमाही राहिले तर कुसळी-पवन्याचे वाळके थर साचतात आणि वणव्याला आयते सरपण मिळते. शिवाय माळटिटवीला दाट गवत चालतच नाही. ती उन्हाळ्यात मुरमाड जमिनीवरच्या खळग्यात अंडी घालते. मातकट रंगावर काळपट ठिपके, शेजारच्या खड्यांतून ती अंडी ओळखू येणे मुश्कील. धाविकालाही चरून खुरटलेली जमीनच लागते. मेंढरांच्या पायाखाली अंडी येतात, हा आक्षेप रास्त आहे; पण त्यावर उपाय कळपाची पाळी लावणे हा आहे, धनगरांना हाकलणे नव्हे.

म्हणून माळाचे तुकडे पाडावेत: एक राखीव, एक चराईला, एक कापणीला; आणि दरवर्षी पाळी फिरवावी. विळा दिवाळीनंतर, पिल्ले उडाल्यावर आणि बी झडल्यावर लावावा. कापणी मधून कडेकडे न्यावी, म्हणजे उशिराच्या पिल्लांना पळायला वाट राहते. वणवा अडवणाऱ्या जाळरेषा उन्हाळी वीण सुरू होण्याआधी उरकाव्यात.

यात गावाचा तोटा आहे, हे लपवू नये. फुलोऱ्यात कापलेले गवत सकस असते, थांबलेले निबर होते. ती घट पाखरांसाठी सोसायची, तर तिची भरपाई गावाला मिळालीच पाहिजे. माळावर खड्डे खणून रोपे लावायला सरकारकडे पैसा असतो. तोच इकडे वळवावा. नवा निधी मागायचीही गरज नाही.