माळ्यावरची सायकल आणि तिचे मोल

जुन्या वस्तूंविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सायकलींची पत्रे अलीकडे वाढली आहेत. त्यांतलेच एक भैंसा येथील भगिनीचे. "आमच्या आजोबांची हर्क्युलिस सायकल माळ्यावर आहे. निजामाच्या अमदानीतली, अस्सल विलायती. बंधूंनी एका गृहस्थांशी सौदा ठरवून इसारही घेतला आहे. ठरलेली रक्कम रास्त आहे ना, एवढेच कळवावे." नांदेडला जाणे होतेच; भोकरमार्गे भैंशाला गेलो आणि सायकल डोळ्यांनी पाहिली.

वाचकहो, हर्क्युलिस ही मुळात सामान्य माणसाची सायकल. १९१० साली बर्मिंगहॅम येथे सुरू झालेल्या या कंपनीने माफक किमतीची, टिकाऊ सायकल हेच आपले ध्येय ठेवले. नॉटिंगहॅमच्या रॅलेचा दिमाख तिला नव्हता. परंतु पहिलीच सायकल घेणाऱ्या शिक्षकाला किंवा जिनिंगमधल्या मुनिमाला ती परवडे. हे आजोबा मुनीमच होते.

पण या नावात एक मेख आहे. १९४६ साली बर्मिंगहॅमची ही कंपनी ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या उद्योगसमूहाकडे गेली. त्याच समूहाच्या सहकार्याने १९४९ साली मद्रासला टी. आय. सायकल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५१ पासून अंबत्तूरच्या कारखान्यातून हर्क्युलिस बाहेर पडू लागली. रॅलेचेही तसेच, ती आसनसोलला सेन-रॅलेच्या कारखान्यात तयार होऊ लागली. नाव तेच, काळा रंग तोच, अठ्ठावीस इंची चाके आणि दांड्यांचे ब्रेकही तेच. जन्मगाव मात्र निराळे. म्हणून एवढ्या खुणांवरून सायकल विलायती ठरत नाही.

मग पारख कशी करावी? प्रथम कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी. हँडलखालच्या उभ्या नळीवर धातूची मुद्रा असते, तिच्यावरील गावाचे नाव वाचावे. खोगिराखालच्या सांध्यावर किंवा पायडलच्या आसाखाली सांगाड्याचा क्रमांक ठोकलेला असतो, तो उतरवून घ्यावा. नुसत्या आकड्यावरून साल ठरवू नये. मुद्रा, क्रमांक आणि घरात जुनी पावती असल्यास ती, ही तिन्ही एकमेकांशी पडताळावीत. सुटे भाग सर्वांत शेवटी पाहावेत. पन्नास-साठ वर्षांत खोगीर, दिवा, हब, चेन हे सारे बदललेले असू शकते. सांगाडा हाच खरा साक्षीदार.

येथे बंधूंनी मोठ्या अभिमानाने घंटी दाखवली. ती लुकासची होती आणि तिच्यावर बर्मिंगहॅम हे नाव स्पष्ट होते. पुढच्या नळीवरची मुद्रा मात्र रंगाच्या थराखाली दडली होती. हलक्या तेलाने ती पुसली, तेव्हा अक्षरे उमटली : मद्रास. म्हणजे सायकल १९५१ पूर्वीची असणे शक्यच नव्हते. निजामाची राजवट तर १९४८ च्या सप्टेंबरात संपली होती.

घरात शांतता पसरली. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या मातोश्री म्हणाल्या, "विलायती सायकल निराळी होती. मी किनवटहून लग्न होऊन आले, त्या साली ती विकून मामंजींनी ही घेतली. घंटी तेवढी काढून हिला लावली." मुलाने विचारले, "आई, हे आधी का नाही सांगितलंस?" त्या म्हणाल्या, "मला कोणी विचारलंच नाही."

आता मोलाविषयी. जुन्या सायकलीला तीन भाव असतात. पहिला भंगाराचा, केवळ वजनावर. अशी सायकल वीसेक किलो भरते. दुसरा वापराचा, म्हणजे दुरुस्त करून कोणी चालवील म्हणून देईल तो. तिसरा संग्राहकाचा. हा भाव बनावटीचे गाव, मूळ रंग व अक्षरे, दिवा, खोगीर, चेनकव्हर यांची पूर्णता आणि कागदपत्रे पाहून ठरतो. विक्रेत्याने सांगितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. तशीच सायकल प्रत्यक्ष किती रकमेला गेली, तो भाव. विकण्यापूर्वी नवा रंग मात्र कधीही देऊ नये. त्याने मूळ खुणा बुजतात आणि तिसरा भाव दुसऱ्यावर येतो.

भैंशाच्या या सायकलीला ठरलेली रक्कम विलायती मालाची होती. "गिऱ्हाइकाला काही ठाऊक नाही," असे बंधू हळूच म्हणाले. मी म्हणालो, "तुम्हाला तर आता ठाऊक झाले आहे ना?" त्यांनी त्याच संध्याकाळी त्या गृहस्थांना खरे ते कळवले. ते निम्म्याहून खाली आले. सौदा मोडला, इसार परत गेला आणि त्या पैशांवर योजलेली छपराची दुरुस्ती पुढे ढकलावी लागली. हा तोटा लहान नव्हता.

सायकल घरीच राहिली. निघण्यापूर्वी मी त्यांना जे सांगितले, तेच आपणांसही सांगतो. एका पुठ्ठ्यावर मुद्रेवरील गाव, सांगाड्याचा क्रमांक, कोणी व केव्हा घेतली आणि कोणता भाग कुठून आला, हे लिहून तो पुठ्ठा त्या वस्तूबरोबर जपून ठेवा. आणि लिहायला बसण्यापूर्वी, घरातल्या सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला विचारायला विसरू नका.