विश्लेषण : पाळीचा ‘चौदावा दिवस’ प्रत्येकीला लागू का होत नाही?

मूल हवे असलेल्या जोडप्याला घरातून, मैत्रिणींकडून आणि आता मोबाइलवरील ॲपकडूनही एकच सल्ला मिळतो : पाळीचा चौदावा दिवस चुकवू नका. चक्र २८ दिवसांचे असेल तर हा सल्ला साधारण ठीक. इतरांचे मात्र त्यावर विसंबून महिनोन्महिने नेमके दिवस हुकतात आणि ठपका येतो तो बाईवरच.

हिशोब कुठे चुकतो?

१९२०च्या दशकात जपानचे क्युसाकु ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस या स्त्रीरोगतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे एक गोष्ट मांडली. ओव्ह्युलेशनचा, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस पुढच्या पाळीपासून उलटा मोजायचा असतो. बीज बाहेर पडल्यावर साधारण १४ दिवसांनी पाळी येते. चक्राचा हा उत्तरार्ध फारसा हलत नाही. लांबतो-आखडतो तो पूर्वार्ध. त्यामुळे ३५ दिवसांच्या चक्रात बीज २१व्या दिवसाच्या आसपास सुटते, तर २४ दिवसांच्या चक्रात दहाव्याच. पंचाईत अशी, की पुढची पाळी कधी येणार हे आधी ठाऊक नसते. ॲपही मागच्या तारखांवरून अंदाजच बांधते. ताण, आजारपण, थायरॉइड किंवा पीसीओएस असेल तर तो कोलमडतो.

मग नेमके दिवस कोणते?

स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास टिकते. शुक्राणू मात्र शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून गर्भधारणेची शक्यता बीज सुटण्याच्या दिवशी आणि त्याआधीच्या पाच दिवसांत असते. अमेरिकेत ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांच्या नोंदींवरून हे १९९५मध्ये दाखवले. याच नोंदींवरून २०००मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली : हे सहाही दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसांत बसणाऱ्या स्त्रिया सुमारे ३० टक्केच होत्या.

कॅलेंडरपेक्षा शरीराच्या खुणा अधिक उपयोगी. बीज सुटण्याआधी योनीतील स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा पातळ, ताणला जाणारा होतो. औषध दुकानातील लघवीच्या किटवर ‘एलएच’ वाढल्याचे दिसले, की बहुधा दीड दिवसाच्या आत बीज सुटते. पीसीओएस असेल तर मात्र हे किट फसवू शकते. सकाळचे तापमान थोडे वाढते, पण बीज सुटून गेल्यावर. तोवर संधी जवळपास गेलेली असते.

‘सुरक्षित दिवसां’चे काय?

गर्भनिरोधक म्हणून हा हिशोब आणखी कच्चा. राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री असताना, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने दिल्लीतील लोदी कॉलनीत आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे तो शिकवून पाहिला गेला. पुढे सरकारी कार्यक्रमाची भिस्त इतर साधनांवर गेली.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांकडे जावे. स्त्रीचे वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच. पहिल्या तपासण्यांत नवऱ्याची वीर्यतपासणीही येते. ती स्वस्त असते, सुईही टोचावी लागत नाही. तरी अनेक घरांत तिचा नंबर शेवटी लागतो.